हिरवा ठिपका

"बोला आता!" झाडाच्या पलीकडून शिट्टीभाऊ ओरडले.

"पंधरा," मी म्हटलं.

"माझेपण पंधरा. घ्या, जमलं!"

इतकं छान जमलं की मला भीतीच वाटते. आमचं काम असं, की झाडाच्या दोन बाजूंना दोघांनी उभं राहायचं, दुर्बिणीतून शेंडा न्याहाळायचा, अंगभर पानं असलेलं निरोगी झाड कसं दिसतं ते मनात आणायचं आणि समोरचं झाड त्याच्यापेक्षा किती टक्के विरळ झालंय ते ठरवायचं. ठरवून होईपर्यंत एकमेकांशी चकार शब्द बोलायचा नाही. मग आकडा सांगायचा. खंडभर, देशोदेशी, ठरावीक अंतरावर असे प्लॉट आखलेले आहेत आणि दर उन्हाळ्यात आमच्यासारख्या जोड्या माना वर करून त्याच त्या झाडांकडे बघत असतात. माझा नवरा वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. तो गिऱ्हाइकांना ऐटीत सांगतो, "बायकोचा जंगलात प्लॉट आहे." लोकांना वाटतं आम्ही बडे लोक.

त्या दिवशी आमच्या सगळ्याच झाडांचे आकडे असे गोड आले. प्लॉटबाहेर बघावं तर लागोपाठ तिसऱ्या कोरड्या वर्षानं अख्खा उतार तपकिरी पडलेला, झाडं उभ्या उभ्या वाळलेली. आणि मधोमध आमचा तुकडा तेवढा हिरवा.

"आपली झाडं गुणाची हो, ताई," शिट्टीभाऊ म्हणाले आणि शिट्टी वाजवत गाडीकडे निघाले. हा माणूस आनंदात असला की शिट्टी वाजवतो, आणि तो बहुतेक वेळा आनंदातच असतो. मी जन्माची संशयी. नवऱ्यानं फुलं आणली तर आधी घरात काय फुटलंय ते विचारते. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच.

मला शंका आली तशी मुख्य केंद्रालाही आली. आठवड्याभरानं तिथल्या तपासणी अधिकारी बाईंचा फोन आला. बोलणं अगदी मऊ.

"नकाशावर तुमच्या भागातले सगळे ठिपके लाल झालेत. तुमचा एकच हिरवा आहे."

"झाडं तशीच आहेत, मॅडम."

"असतील ना. तुम्ही प्रत्यक्ष जाऊन बघता, नाही का?"

घरी बसून आकडे टाकता का, असं त्यांना विचारायचं होतं. माझे कान तापले. येत्या आठवड्यात त्या स्वतः येऊन प्रत्येक झाड पुन्हा बघणार होत्या. आकडे चुकीचे निघाले तर नोकरी जाणार हे त्या बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

चोरी आहे म्हटल्यावर कुणीतरी चोर हवा. मी आधी शिट्टीभाऊंना धरलं. "भाऊ, खरं सांगा. माझा आकडा ऐकून तुम्ही तोच सांगता ना?"

"कोण, मी?" ते बघतच राहिले. "इतकी वर्षं बरोबर काम करतोय आपण, आणि हे विचारताय?"

पुढचे दोन दिवस त्यांची शिट्टी बंद होती. गाडीत मला ती शांतता सहन होईना, पण माफी मागायलाही जीभ वळेना.

शेवटी मी एकटीच प्लॉटवर गेले. दुर्बीण गाडीतच ठेवली. आम्ही नेहमी वर बघतो, त्या दिवशी मी गुडघे टेकून खाली बघितलं. बुंध्यापाशी वाळक्या पानांचा थर होता, तो सारला आणि बोटं थेट ओल्या मातीत गेली. महिनोन् महिने थेंब पडला नव्हता. दुसऱ्या झाडापाशी तेच, तिसऱ्यापाशी तेच. खोडावर चढणाऱ्या वेली मुळाशी स्वच्छ कापलेल्या होत्या आणि कापलेली टोकं पानांखाली दडवलेली होती. कुठंतरी पाणी मुरतंय असं मला वाटत होतंच, ते असं शब्दशः मुरत असेल हे डोक्यात आलं नव्हतं.

पण पाणी घालणार कोण? आमच्या प्लॉटला पाटी नसते, कुंपण नसतं. झाडांचे क्रमांकसुद्धा खोडाच्या मागच्या अंगाला, खाली, वाटेनं जाणाऱ्याला दिसणार नाहीत असे. जागा कुणाला सांगायची नाही हा पहिला नियम. कारण झाडांवर कुणाची नजर आहे हे कळलं की माणसं त्यांच्याशी वेगळी वागतात. तोडणारा हात आखडता घेतो, जपणारा जास्त जपतो, आणि मग ती चार झाडं बाकी जंगलाबद्दल खरं सांगेनाशी होतात. जागा ठाऊक असलेली माणसं म्हणजे मी, शिट्टीभाऊ आणि केंद्र. शिट्टीभाऊंच्या गाडीत मागे पाण्याचा कॅन असतो हे मला नेमकं तेव्हाच आठवलं. चहासाठीचा कॅन तो, पण संशयाला काय, काहीही पुरतं.

त्या संध्याकाळी काकूंचा फोन आला. काकू म्हणजे टक्केकाकांची बायको. आणि टक्केकाका म्हणजे माझ्या आधी हा प्लॉट बघणारे, मला हे काम शिकवणारे. आयुष्यभर टक्के मोजून त्यांना तीच सवय लागली होती. जेवताना म्हणायचे, "मीठ पाच टक्के कमी." माझ्या लग्नात नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "ऐंशी टक्के आहे. वाईट नाही." वडील गेल्यावर मला रागवायचा हक्क असलेलं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

"तुला एक विचारू का गं? हसू नकोस हं," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "तुझ्या काकांचं बाहेर काही आहे का?"

"काकू! काहीतरीच काय?"

"मग रोज उजाडता उजाडता बाबागाडी घेऊन कुठं जातात? नातू केव्हाच शाळेत जायला लागला. रिकामी बाबागाडी कोण फिरवतं? कुणीतरी लेकुरवाळी गाठली असेल बघ. परत येतात तेव्हा चेहरा कसा खुललेला असतो, आणि गुडघे चिखलानं भरलेले."

मला हसू फुटलं आणि तिथल्या तिथे विरलं. गावात चिखल राहिलाय कुठे? ज्यांना जागा ठाऊक होती त्यांत चौथा माणूस होता आणि त्याचं नाव माझ्या मनात आलंच नव्हतं. येणारच नव्हतं. कामाचा पहिला दिवस आठवला. काकांनी मला झाडासमोर उभं केलं होतं. "हात मागे घे. बांध. आपण बघणारी माणसं. फांदी मोडून लोंबत असली तरी उचलायची नाही. किडा दिसला तर नोंदवायचा, मारायचा नाही. हात लावलास की तू झाडाचा भाग झालीस, मग बघणारं कुणी उरलं नाही." ज्या माणसानं हे शिकवलं त्याच्यावर संशय घ्यायचा?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्लॉटच्या वरच्या अंगाला खडकाआड बसले. बाबागाडीचं एक चाक कुरकुरत होतं, ते आधी ऐकू आलं. मग काका दिसले. गाडीवर नातवाचं निळं पांघरूण नीट खोचलेलं होतं. त्यांनी ते दूर केलं, खालून पाण्याचा कॅन काढला आणि एका झाडाशी वाकून पेल्यानं पाणी ओतायला लागले. एक पेला ओतायचे, जिरू द्यायचे, मग दुसरा. इतक्या मायेनं त्यांना कुणाशी वागताना मी कधी बघितलं नव्हतं.

"काका."

ते दचकले नाहीत. "आलीस? मला वाटलं होतं, पहिल्याच उन्हाळ्यात पकडशील."

"केव्हापासून चाललंय हे?"

"निवृत्त झालो, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यापासून."

"तुम्ही करावं हे? तुम्ही?"

"मग कुणी करावं?" त्यांनी पेला ठेवला. "अगं, घरात माणूस आजारी आहे. आपण दर वर्षी दारात जायचं, ताप किती ते विचारायचं आणि घोटभर पाणीही न देता परत फिरायचं. सगळी नोकरी हेच केलं मी. पगार घेत होतो, तोंड मिटून केलं. आता पगार बंद झालाय. आता तरी पाजू दे."

"आणि शेजारच्या उतारावरची झाडं?"

त्यांनी तिकडे बघितलं नाही. "तेवढं पाणी कुठून आणू? आणि ती काही मी लहानाची मोठी होताना बघितलेली नाहीत."

"केंद्राला वाटतंय, मी घरी बसून आकडे टाकते."

हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. ते हळूच एका मुळावर बसले. "तुझ्यावर घेतात संशय? तुझ्यावर?" थोड्या वेळानं म्हणाले, "येऊ देत की. झाडं हिरवी आहेत, त्यांना हिरवीच दिसतील. तुझे आकडे खरे ठरतील."

"आकडे खरे आहेत, काका. प्लॉट खोटा झालाय."

हे कळलं तर प्लॉट बंद होणार, त्यांनी तरुणपणी सुरू केलेली नोंदींची ओळ इथेच तुटणार आणि ती कुणी तोडली हेही लिहिलं जाणार, हे मी त्यांना समजावण्याची गरज नव्हती. असे प्लॉट कसे बाद होतात ते त्यांनीच मला शिकवलं होतं.

"बोलणार आहेस?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

ते उठले आणि सवयीनं त्यांनी दोन्ही हात मागे बांधले. स्वेटरला चिखल लागला.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "हजारो ठिपके आहेत तुमचे. एक हिरवा राहिला तर कुणाचं काय बिघडतंय? म्हातारा माणूस आहे, करू दे की." मी भांडी आपटत राहिले. त्याचं म्हणणं मला पटत होतं, राग त्याचाच येत होता.

तपासणी अधिकारी बाई ठरल्या दिवशी आल्या. उन्हाची टोपी, स्वतःची दुर्बीण, बोलणं मोजकं. आम्हाला लांब उभं करून त्यांनी एकेक झाड बघितलं, मग आमच्या आकड्यांशी ताडून बघितलं. एखाद्या झाडाला पाच टक्के इकडेतिकडे, बाकी सगळं तंतोतंत. त्यांनी टोपी काढली.

"माफ करा. आम्ही उगाच शंका घेतली. तुमची नजर पक्की आहे."

त्यांनी पुढे केलेला हात मी हातात घेतला. शिट्टीभाऊंची शिट्टी पुन्हा सुरू झाली. आता नुसतं गप्प बसायचं होतं. मी निर्दोष सुटले होते, काका सुटले होते, झाडंही सुटली होती. गाडीपर्यंत चार पावलं चालत जायचं, एवढंच राहिलं होतं. पण मागे तो सगळा तपकिरी उतार उभा होता, आणि त्याची बाजू सांगायला आमच्या प्लॉटशिवाय कुणी नेमलेलं नव्हतं.

"मॅडम, जरा खाली वाका," मी म्हटलं. "पानं बाजूला करून मातीला हात लावा."

त्यांनी हात लावला. बोटं चोळून बघितली. शिट्टी थांबली.

"कोण?" त्यांनी विचारलं. मी खाली बघत राहिले. शिट्टीभाऊंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. काकाच, हे त्यांना कळलं होतं. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. जागा ठाऊक असलेली माणसं शोधायला त्यांना काही फार वेळ लागणार नव्हता.

"तुम्ही बोलला नसता तर मला कळलंही नसतं," त्या म्हणाल्या.

"नसतं कळलं," मी म्हटलं.

प्लॉट बंद झाला. काका निवृत्त झाल्यापासूनचे आमचे सगळे आकडे रद्द झाले. खोडांवरचे क्रमांक शिट्टीभाऊंनी आणि मी तारेच्या ब्रशनं घासून काढले. शेवटच्या झाडाशी भाऊ म्हणाले, "ताई, मी असतो तर गप्प बसलो असतो." वाईट वाटून म्हणाले की बरं वाटून, ते मला कळलं नाही. घरी येऊन मी न्हाणीघराचं दार लावून भरपूर रडले. केंद्रानं काकांना फोन करून सगळं विचारून घेतलं होतं. त्यांनी काही लपवलं नाही म्हणे.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले. दार काकूंनी उघडलं. काकांच्या खोलीचं दार बंद होतं.

"कुठे जात नाहीत आता," काकू कुजबुजल्या. "मी म्हटलं, आता तुमची झाडं कुणाची नाहीत, उघड उघड जा, पाणी घाला. तर म्हणाले, आता कशाला. दिवसभर आत बसून असतात." डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "बाई परवडली असती गं त्यापेक्षा."

मी बंद दाराशी जाऊन उभी राहिले. "काका, मी आलेय."

आत काही हललं नाही. काकूंनी मला खुणेनं बस म्हटलं. मी उभीच राहिले. खूप वेळानं आतून आवाज आला.

"यंदाचा आकडा काय टाकलास?"

"टाकलेला काढून घेतला, काका. जागा कोरी ठेवली."

"बरोबर केलंस." आवाज बसलेला होता. "नवीन प्लॉट कुठं दिलाय?"

"नदीपलीकडच्या टेकडीवर."

"तिथं दुपारी ऊन समोरून येतं. झाडं असतात त्यापेक्षा विरळ दिसतात. सकाळीच उरकत जा."

"हो, काका."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, येताहेत. मी दाराकडे बघत तशीच थांबले, काकूही हातातलं काम टाकून थांबल्या. दार काही उघडलं नाही.