कानांवर हात

घड्याळजींना प्रश्न फार. सहलीचा छोटा गट जंगलात शिरल्यापासून त्यांनी गाईड पोरीला सळो की पळो करून सोडलं होतं. या झाडाची मुळं जमिनीच्या वर का? मुंग्या एवढी पानं नेतात कुठे? पोरगी हसून सांगायची आणि घड्याळजी "काय? काय?" करत तेच पुन्हा विचारायचे.

"वर्षभर सांगतेय, कान तपासून घ्या," बायको म्हणाली.

"तूच पुटपुटतेस." हे त्यांचं ठरलेलं उत्तर. नुसत्या टिकटिकीवरून घड्याळाचं दुखणं ओळखण्यात ज्याचा जन्म गेला, त्याचे कान बिघडतील? शक्यच नाही! गेल्याच आठवड्यात एक नर्सबाई दुकानात मनगटी घड्याळाचा सेल बदलून घ्यायला आल्या होत्या. "याचा गजर मेलाय," घड्याळजींनी निदान केलं. "वाजतोय हो," बाई म्हणाल्या, तर त्यांनाच झापलं. बाई तणतणत निघून गेल्या.

एका मोठ्या झाडाखाली गाईड थांबली. "आता कुणी बोलू नका. झाडावरचे किडे सुरू होतील. कान किटतील बरं का!"

सगळे वर बघू लागले. एकाएकी गटातल्या एका नवविवाहित जोडप्यानं कानांवर हात ठेवले. मग बायकोनंही. घड्याळजींनी कान टवकारले. पानांवरून पाणी ठिबकत होतं, कुणीतरी खोकलं. बाकी काही नाही. कसली गंमत चाललीय ही? आधी नुसतं कुतूहल वाटलं, मग भीती. त्यांनी गुपचूप कानांवर हात ठेवले आणि पायाजवळच्या मुंग्या बघत राहिले.

मान वर केली तेव्हा सगळ्यांचे हात खाली होते आणि नजरा त्यांच्याकडे. किडे केव्हाच थांबले होते.

बायकोनं एकवार त्यांच्याकडे पाहिलं. मग शांतपणे आपलेही हात पुन्हा कानांवर ठेवले. "आमच्या घरात सगळ्यांचेच कान नाजूक," ती म्हणाली. लोक हसले आणि पुढे निघाले. घड्याळजींना मात्र तिच्याबद्दल अगदी भरून आलं.

जंगल संपलं तिथे समुद्र होता. त्याची गाज त्यांना छान ऐकू येत होती, तेवढ्यानंही बरं वाटलं. दोघं वाळूत बसले.

"कसा होता गं तो आवाज?"

"आपल्या दुकानातल्या सगळ्या घड्याळांचे गजर एकदम वाजले तर?" ती मोठ्यानं, सावकाश म्हणाली. "तसा. पण बारीक. टोकदार."

"बारीक म्हणजे मनगटी घड्याळाच्या गजरासारखा?"

"हो, तसाच."

घड्याळजी तिच्याकडे वळले. "मग त्या नर्सबाईंचं घड्याळ... वाजत होतं?"

"वाजत होतं. मला आतल्या खोलीत ऐकू येत होतं."

"अगं, मग तेव्हाच सांगायचं नाहीस का?"

"सांगितलं होतं," बायको म्हणाली.