पाठीमागचा सूर्य

साईराजनं बेळगावहून येताना कुलूप आणलं होतं. पितळी, जड. माझ्या हातात ठेवताना पोरानं माझ्याकडं बघितलं नाही.

"आई, सांज व्हायच्या आत गेटला लावायचं. माझी शपथ हाय."

"अरे, पण घरच्या माणसाला असं कोंडून..."

"घरचा माणूस काल हायवेवर मधोमध उभा होता, आई. त्या ट्रकवाल्यानं ब्रेक मारला नसता तर..." तो पाया पडला आणि बँकेची वेळ झाली म्हणून निघून गेला.

घरचा माणूस म्हणजे माझे मालक. अख्खं कोगनोळी त्यांना भरमू गुरुजी म्हणतं. मी नाव घेत नाही, तेव्हा इथंही गुरुजीच लिहिते. आधी ते विद्यार्थ्यांची नावं विसरले, मग बाजाराची वाट विसरले, आणि यंदाच्या दिवाळीत ओवाळून झाल्यावर मला नमस्कार करून म्हणाले, "बाई, तुम्ही कुठल्या गावच्या?" डॉक्टर म्हणाले, हे असंच वाढत जाणार. त्यावर औषध नाही, सांभाळणं आहे.

दिवसभर ते शांत असतात. शेंगा सोलून दिल्या तर खातात, मांजराशी बोलतात. पण भिंतीवरचं ऊन पिवळं व्हायला लागलं की त्यांना धडकी भरते. उठतात, बसतात, माझा पदर धरतात. "चालला गं त्यो. थांबवा कुणीतरी. परत आला न्हाय तर?"

मी काय फार शिकलेली नाही. तोंडाला आलं ते सांगत गेले. "अहो, सूर्यनारायण दिवसभर चालून दमलेत. आता पश्चिमेला आपल्या घरी निघालेत. उद्या येतील." मी हे उगीच समजूत घालायला म्हणत नव्हते. लग्न होऊन आल्यापासून सूर्याला अर्घ्य दिल्याशिवाय मी चहाचा घोट घेतलेला नाही, आणि दिवस मावळल्यावर अन्न शिवत नाही. माझ्या मनात तो रथातूनच येतो आणि रथातूनच जातो.

काल मी देवापाशी दिवा लावत होते, तेवढ्यात गुरुजी चप्पल घालून बाहेर पडले. महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या नाक्यावर चहाचा गाडा लावणाऱ्या रवळूनं त्यांना स्कूटरवर बसवून आणून सोडलं. रवळू त्यांचाच विद्यार्थी.

"काकू, पोलिसानं विचारलं, आजोबा कुठं निघालासा? तर म्हणतात, सूर्याला आणायला. पलीकडं महाराष्ट्रात गेलाय म्हणं त्यो." रवळू हसला. "पोलीस म्हणतोय, त्येची कागदं असली तर सोडतो. लई हसली माणसं."

आणि हसता हसता त्यानं गमछ्यानं डोळे पुसले. "ज्या माणसानं आमाला शिकवलं सूर्य हलत न्हाय म्हणून, त्यो माणूस सूर्याला आणायला निघालाय, काकू."

कुठं गेला ते मीच तर सांगितलं होतं. गेलेल्याला आणायला जाणारच की माणूस.

गुरुजींचा तो धडा साऱ्या गावाला ठाऊक होता. त्या दिवशी माझ्या देवघरातली समई पिशवीतून शाळेत जायची. मी तक्रार केली की म्हणायचे, "देव आज शाळंला गेलाय, संध्याकाळी येईल." समई वर्गाच्या मधोमध. ती सूर्य. एक पोरगं पृथ्वी. त्यानं स्वतःभोवती गरगर फिरायचं आणि फिरत फिरत समईलाही फेरी घालायची. दोन वेढ्यांत पृथ्वी चक्कर येऊन कुणाच्या तरी अंगावर पडायची आणि वर्ग खिदळायचा. मग गुरुजी सांगायचे, हजारो वर्षं माणसाला वाटत होतं, आपण मधोमध आणि सगळं आपल्याभोवती. इटलीत गॅलिलिओ नावाच्या म्हाताऱ्यानं दुर्बिणीतून बघून सांगितलं, तसं नाही बाबांनो. तर त्याला गुडघे टेकायला लावून ते खोटं आहे असं वदवून घेतलं आणि मरेपर्यंत घराबाहेर पडू दिलं नाही. हे सांगताना त्यांचा आवाज दरवर्षी बसायचा. घरी येऊन मला पुन्हा सांगायचे. "म्हातारा आंधळा झाला गं शेवटी. घरात कोंडलेला."

रथसप्तमीला मी पाटावर रांगोळीनं रथ काढायची, तर मागं येऊन उभे राहायचे. "घोडी सोड गं, शालू. बिचारी फुकट पळत्यात."

"तुमची पृथ्वी फिरती तर मला गरगरत का न्हाय?"

"तू रोज फिरतीसच की."

कारण अर्घ्य देऊन झालं की तिथंच उभ्या जागी स्वतःभोवती एक प्रदक्षिणा घालायची असते. ते उंबऱ्यावर बसून चहा पीत बघायचे आणि म्हणायचे, "ह्यो माझाच धडा. सूर्य जागेवर, आणि माझी बायको पृथ्वी." मला राग यायचा. देवाच्या कामात शाळा नको म्हणायची. ते हसायचे.

साईराज गेला, दुपार झाली, कलली. शेजारच्या मालुबाई कुंपणावरून म्हणाल्या, "लावा आक्का कुलूप, जिवापरीस काय मोठं हाय व्हय?" खरं होतं त्यांचं. ऊन पिवळं झालं तशी मी कुलूप घेऊन गेटपाशी गेले. गुरुजी आधीच तिथं होते. दोन्ही हातांनी गेटचे गज धरलेले, तोंड पश्चिमेकडं.

"सोडा मला, बाई. त्यो चाललाय. आणाय पायजे त्याला."

मला तो दूरदेशीचा म्हातारा दिसला, घरात कोंडलेला. कुलूप मी कट्ट्यावर ठेवलं. आत जाऊन समई पेटवली, तोवर अंगणातलं ऊन गेलं होतं; तिथं तुळशीपाशी आणून ठेवली. मनात म्हटलं, नारायणा, तुझ्या रथाची घोडी मी आज सोडून ठेवते. माफ कर. ह्या माणसानं कधी रांगोळी पुसली नाही माझी.

"अहो, कुठं गेला न्हाय त्यो," मी म्हणाले. "सूर्य जात नसतो. ह्यो बघा सूर्य. तुम्ही पृथ्वी. फिरा बघू."

समई बघून ते थांबले. मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि हळूहळू त्यांना फिरवलं. मी रोज सकाळी फिरते तसंच, पावलापावलानं. उजेड त्यांच्या गालावरून सरकला, कानावर गेला, मग तोंडावर नुसता अंधार.

"आता दिसतो?"

"न्हाय." त्यांनी माझी बोटं आवळली. "गेला."

"गेला? नीट सांगा."

ते तसेच उभे राहिले. समईकडं पाठ. शब्द कुठून तरी लांबून ओढून आणावा तसे म्हणाले, "मागं हाय."

"मग कोण वळलं?"

"मी वळलो."

मी आणखी फिरवलं. उजेड परत तोंडावर आला आणि त्यांचं तोंड लहान पोरासारखं उघडं राहिलं. माझी बोटं सोडली. मग ते आपल्या आपण कट्ट्यावर बसले, कुलपाच्या शेजारी. गेट उघडंच होतं. तिकडं त्यांनी बघितलंही नाही.

बाहेर अंधार पडला. माझं जेवण राहिलं होतं, ते आता उद्यावर.

समईकडं बघत त्यांनी विचारलं, "बाई, छान शिकवता. तुमाला कुणी शिकवलं?"

"आमच्या मालकांनी."

"काय करतात?"

"मास्तर होते."

"होते? आता न्हाईत?"

मी पदर डोळ्याला लावला. "हायत. पण आता मला ओळखत न्हाईत. पाठ फिरलीय त्यांची माझ्याकडं."

गुरुजींनी माझ्या हातावर हात ठेवला, वर्गात पडलेल्या पोराला उचलताना ठेवायचे तसा.

"रडू नका. फिरू द्या त्यांना. फिरत फिरत परत समोर येतील. नियमच हाय त्यो."

मी होय म्हणाले. समईतलं तेल खाली गेलं होतं, ते घातलं, वात पुढं सारली. गुरुजी गुडघ्यावर हात टेकून उठले आणि हात पुढं केले.

"बाई, अजून एकदा फिरवता?"