थांबवावी लागणारी कात्री

मी एक जुनी कात्री आहे, मित्रांनो. पण मला पाती नाहीत, मूठ नाही आणि कुठल्याही शिंप्याच्या पेटीत मी तुम्हांला सापडणार नाही. माझे नाव ट्रिप्सिन. प्रथिने कापणारे मी एक विकर, म्हणजे एन्झाइम. प्रथिन म्हणजे मण्यांची लांबलचक माळ. त्या माळेतले दोनच प्रकारचे मणी मी ओळखते आणि त्यांच्या पुढचा धागा तोडते. बाकीच्यांकडे मी ढुंकूनही पाहत नाही.

जुनी म्हणते ते उगाच नाही. माझा जन्म तसा अलीकडचा, एका जनावराच्या स्वादुपिंडातला. घराणे मात्र फार पुरातन. जगात हाड नव्हते, डोळा नव्हता, पोट नव्हते, तेव्हाही पेशींना प्रथिने कापावी लागत होती. आमच्या मूळ पणजीचा आराखडा पेशी पिढ्यान्‌पिढ्या उतरवून घेत राहिल्या. उतरवताना कधी एकाच्या दोन प्रती झाल्या, प्रतींमध्ये फरक पडत गेले आणि एकेक बहीण वेगळ्या कामाला लागली. एक अन्न पचवते. एक रक्ताची गुठळी बांधते, तर दुसरी तीच गुठळी सोडवत बसते, म्हणजे दोघींचे कधी जमायचेच नाही. तोंडवळा मात्र सारखा, कारण आम्हीही प्रथिनांच्याच माळा, आणि आमच्यातल्या ज्या तीन मण्यांच्या जोरावर आम्ही कापतो, ते तिन्ही पणजीचेच आहेत. शिवाय पेशीच्या आत आमची काही दूरची मंडळी राबतात. झिजलेली प्रथिने मोडायची आणि त्यांचे मणी पुन्हा वापरायला द्यायचे, हे त्यांचे काम. त्यांना कुणी शाबासकी देत नाही. ती थांबली आणि पेशीत अडगळ साचली, की मगच त्यांची आठवण होते.

कापणाऱ्याला घरात मोकळे सोडत नाहीत. जन्मले तेव्हा माझ्या तोंडावर झाकण होते. ते आतड्यात गेल्यावरच निघायचे, नाहीतर ज्या स्वादुपिंडाने मला घडवले त्यालाच मी खाऊन टाकले असते. यात वैर वगैरे काही नाही. आपले कोण आणि परके कोण, हे मला कळतच नाही. पण माझ्या नशिबी आतडे नव्हते. कारखान्यात माझे झाकण काढले, मला गाळले, गोठवले आणि बाटलीत भरून एका प्रयोगशाळेत पाठवले.

तिथे एका भाजलेल्या माणसासाठी कातडीच्या पेशी वाढवत होते. तो बेकरीत भट्टीवर कामाला होता. एकदा भट्टीचा भडका उडाला आणि त्याचे दोन्ही हात आणि पाठ भाजली. त्याच्या मांडीवरच्या चांगल्या कातडीचा टपाल तिकिटाएवढा तुकडा आणला होता. तिथली तंत्रज्ञ, जिला सगळे ताई म्हणत, त्यातल्या पेशी तबकड्यांत जोपासत होती. पेशी तबकडीच्या तळाला प्रथिनांच्या धाग्यांनी घट्ट चिकटून बसतात. त्यांना उचलायचे म्हणजे मीच हवी. मी धागे कापते, पेशी सुट्या होतात आणि ताई लगेच सीरम ओतते. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा पिवळसर द्रव. त्यात मला पकडणारे एक प्रथिन असते. ही बाटली गुणाची आहे हो, असे ताई माझ्या बाटलीला कौतुकाने म्हणायची.

अखेर पेशी पुरेशा झाल्या. त्या उचलून दुपारी जखमांवर फवारायच्या, असे डॉक्टरांनी ठरवले. ताईने मला तबकड्यांत सोडले. मी नेहमीप्रमाणे कापू लागले. टेबलावर दोन बाटल्या होत्या, दोन्हींतला द्रव गुलाबी. एकीत सीरम मिसळलेले, दुसरीत पेशींचे रोजचे खाणे, बिनसीरमचे. तेवढ्यात दार वाजले. भट्टीवाल्याची बायको आली होती; ताई तिला वहिनी म्हणायची. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आज नक्की होणार ना, एवढेच तिला विचारायचे होते. ताईला तिची कीव आली. तिने हाताला लागली ती बाटली घेतली, ओतली, सगळे एका नळीत भरले आणि ती बाहेर गेली.

ती बाटली खाण्याची होती. मला कुणी पकडले नाही. धागे संपले होते, मग मी पेशींच्या अंगावरची प्रथिने कापायला घेतली. बाहेर ताई वहिनींना पाणी देत होती, धीर देत होती. मी कापत होते.

परत येऊन तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पेशी गोल, चकचकीत दिसायला हव्या होत्या. कित्येक फाटल्या होत्या. तिने बाटलीवरची चिठ्ठी वाचली आणि झटकन सीरमची बाटली उचलून ओतली. त्यातल्या प्रथिनाने आपलाच एक भाग माझ्यापुढे धरला, मी तो कापला आणि त्यातच कायमची अडकले. नंतर आम्हा दोघांना पेशींवरून काढून दाराजवळच्या धुवणाच्या बाटलीत ओतले. पुढचे मी तिथून ऐकले.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला तिथे घाईभाऊ म्हणत. तो दबक्या आवाजात म्हणाला, पेशी कधीकधी वाढतच नाहीत, तेवढे सांगून मोकळी हो, कोण येतंय तपासायला? ताईने आधी डॉक्टरांना फोन करून सगळे सांगितले आणि मग दार उघडले.

"वहिनी, पेशी मेल्या. निम्म्याहून जास्त. चूक माझी झाली."

मग वहिनींनी विचारले, "उरल्यात त्या कशाला पुरतील?"

"फक्त हातांना. पाठीसाठी पुन्हा तुकडा काढावा लागेल. त्यांना तेवढे दिवस पालथं पडून काढावे लागतील."

"मला तुमचा राग आलाय, ताई," वहिनी म्हणाल्या. "पण माझ्यासाठीच उठून आला होतात, म्हणून ओरडवतही नाही. हात करा आधी. हात असले तर तो माणूस तग धरेल. पाठ मी सांभाळते."

त्याच दुपारी हातांवर पेशी फवारल्या. त्या जखमांवर धरल्या आहेत, असे काही दिवसांनी, म्हणजे काल, डॉक्टर दारात उभे राहून सांगून गेले. ताई तिथेच खुर्चीवर बसून रडली.

मित्रांनो, माझे आयुष्य संपले. त्याचे मला फारसे काही वाटत नाही. कापणे आमच्या घराण्यात सर्वांत आधी आले. आवर घालणारे आमच्या भोवती सावकाश तयार होत गेले आणि त्यांच्याच भरवशावर तुमची शरीरे उभी आहेत. आमच्याकडून दयामायेची अपेक्षा ठेवू नका, ती आमच्यात नाही. ती तुमच्यात असते, आणि ती असली तरी हातातले काम अर्धवट टाकून जाऊ नका. आज सकाळी पाठीसाठी मांडीचा दुसरा तुकडा आला. त्या पेशी वाढल्या की माझ्याच बाटलीतली एक बहीण त्यांच्यात उतरेल. तिला वेळेवर थांबवा.