शनिवारचे खवले

फ्रान्समधल्या लुझिन्याँ गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट: तिथली जुन्या काळची राणी दर शनिवारी दार लावून न्हायची, कारण त्या दिवशी तिचं कमरेखालचं अंग सापाचं व्हायचं. नवऱ्यानं वचन मोडून फटीतून पाहिलं आणि ती पंख फुटून कायमची उडून गेली.

त्याच गावच्या कवयित्री गिस्लेननं या राणीवर दीर्घकविता लिहिली होती. ती जर्मनमध्ये आणता आणता अनुवादक व्हीब्केचं घोडं एका जागी अडलं. कवितेत न्हाणीघराचं दार सताड उघडं होतं आणि दारात नवऱ्याऐवजी मुलगी उभी होती.

"नजरचुकीनं तर झालं नाही ना?" तिनं गिस्लेनला फोनवर भीत भीत विचारलं.

"नजरचूक कसली! शनिवारी घरी ये. येताना इथल्या बेकरीतलं ते थाळीएवढं बिस्किट आण, आईला आवडतं."

व्हीब्के पोचली तेव्हा गिस्लेनची म्हातारी आई, मादाम झेली, टबात बसली होती. पाठीपासून पोटऱ्यांपर्यंत आणि हातांवरही पांढरट पापुद्र्यांचे थर. तरुणपणापासूनचं सोरायसिस.

"बघतेस काय? बाह्या वर सार, हात धर तिचा," गिस्लेन म्हणाली. "शाळेत पोरं चिडवायची, तुझी आई साप आहे म्हणून. मी म्हणायची, हो, आहे. दर शनिवारी बघत होते ना मी."

व्हीब्केनं हात धरला. ओले पापुद्रे एका बाजूनं मऊ लागत, उलट हात फिरवला की खरखरीत. हिच्या अंगावरच्या या खवल्यांसाठी आपण अनुवादात 'चिलखत' लिहून बसलो, या विचारानं ती ओशाळली.

"तुमच्या भाषेत याला काय म्हणतात गं?" म्हातारीनं विचारलं.

"शब्द आहे, मादाम, पण... माशाचे खवले आणि डोक्यातला कोंडा, दोन्हींना तोच. लोक हसतील म्हणून टाळला."

"कोंडा!" म्हातारी इतकी हसली की पाणी टबाबाहेर सांडलं. "अगं, मग तोच लिही की! राणी झाली म्हणून तिला कोंडा होत नसेल होय?"

व्हीब्केनं चिलखत खोडलं. पुढे ब्रेमेनमध्ये वाचन झालं, तेव्हा त्या शब्दापाशी खरंच दोघं-तिघं फिसकन हसले. ती खुलासा न करता पुढचं वाचत गेली. मुलगी आत शिरून पाठ चोळू लागते त्या ओळींना हसणारेही पुढे झुकून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी फोनवर झेलीनं आधी तेच विचारलं. "हसले का?"

"दोघं-तिघं."

"एवढेच?" म्हातारीचा आवाज जरा पडलाच.