घंटी सोडायचा मान

रेनो लाह्तीची मोटारसायकल हिवाळाभर सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत मुक्कामाला असायची. मिशिगनच्या त्या वरच्या टोकाला बर्फ एकदा बसला की मे महिन्याशिवाय हलत नाही, आणि गॅरेजमध्ये ठेवावी तर उंदीर सायलेन्सरमध्ये संसार थाटतात. त्यामुळे शनिवारी वाफ घ्यायला निघालेले नवरा-बायको गाडीला वळसा घालून आत जायचे. आयलीचा ओला टॉवेल लग्नापासून त्या हँडलवरच वाळत आला होता.

यंदा मात्र रेनोनं गाडी विकून टाकायचं ठरवलं. कारण गावभर झालं होतं. गेल्या पानगळीत पेट्रोलपंपावर उभ्या उभ्या गाडी कलली आणि त्याच्या हातून सुटून आडवी झाली. मागं बसलेली आयली शेजारच्या गवतात अलगद जाऊन बसली, तिला साधं खरचटलंही नाही. पण गाडी उचलायला दोन परके गडी धावले आणि त्यातल्या एकानं रेनोला ‘आजोबा’ म्हटलं. नाकापेक्षा मोती जड झालाय, हे त्याला तिथंच कळलं.

त्यानंतर आयली गाडीवर बसली नाही. त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. फिनलंडहून येऊन तिथं वसलेल्या लोकांत नवरा-बायकोनं एकमेकांना मनातलं विचारणं हा जरा आगाऊपणाच धरतात. ती घाबरली, असं रेनोनं आपलं आपणच ठरवून टाकलं आणि त्याला फार वाईट वाटलं. मग जुनी घेऊन हलकी नवी द्यायला दुकानदार डुएन तयार झाला. रविवारी चर्चच्या आवारात पाद्रीबाई दरवर्षीप्रमाणे गाड्यांना आशीर्वाद देणार होत्या, त्याआधी अदलाबदल उरकायची होती.

राहिली होती फक्त घंटी. गाडीच्या पोटाखाली, रस्त्यालगत, बोटभर पितळेची घंटी लटकत होती. रस्त्यावरची भुतं तिच्यात अडकतात आणि गाडीला धरत नाहीत, असं हे गाडीवाले मानतात. पण तिचे नियम कडक. स्वतः विकत घेतलेली घंटी कामाची नाही, ती कुणीतरी प्रेमानं द्यावी लागते. आणि गाडी विकताना ती ज्यानं दिली त्यानंच सोडायची. ही आयलीनं दिलेली होती.

शनिवारी त्यानं तिला खोलीत बोलावलं आणि पक्कड पुढं केली. आयली गुडघ्याखाली उशी घेऊन, कण्हत खाली बसली. पक्कड लावली आणि तशीच थांबली.

“सोडते. पण नवीवर बांधायची कुठं, ते दाखव आधी.”

त्यानं खिशातून नव्या गाडीचं चित्र काढून दिलं. तिनं चष्मा लावून ते बराच वेळ पाहिलं.

“सीट एकाचीच आहे,” ती म्हणाली.

“हलकी हवी होती ना.”

“आणि मी?”

“तू आता कुठं बसतेस? घाबरलीस तू.”

“मी घाबरले?” आयलीनं चष्मा काढला. “अरे म्हाताऱ्या, गवतात पडल्या पडल्या मी हसत होते. तू बघितलंसच कुठं? तू त्या आजोबा म्हणणाऱ्याकडं डोळे वटारून बघत होतास.”

“मग बसली का नाहीस?”

आयली घंटी नुसती बोटानं हलवत राहिली. “पाय वर जात नाही रे. कंबर धरते. तुझ्या त्या मागच्या सामानाच्या पेटीवरून टांग टाकायची, तीही शेजाऱ्यांदेखत. तुला सांगितलं असतं तर तू गाडीच विकली असतीस.”

“ती तर विकतोच आहे मी.”

“तेच म्हणतेय.”

सगळा हिवाळा दोघं एकाच बाकावर घाम गाळत बसले होते आणि दोघांनीही तोंडाला कुलूप लावलं होतं. रेनो उठून आत गेला आणि वाफेच्या खोलीतल्या वरच्या फळीवर चढायचं लाकडी स्टूल घेऊन आला. गाडी डबल स्टँडवर लावून त्यानं ते तिच्या पायाशी ठेवलं. आयली खांदा धरून चढली आणि एकदाची बसली.

“गाडी पडली तर?” त्यानं विचारलं.

“पडली तर दोघं उचलू. पंपावरही दोघंच लागले होते.”

तो पुढं बसला. तिनं सवयीनं त्याच्या जाकिटाच्या खिशात हात घातला. हा हात मागं नसेल तर नवी गाडी घेऊन करायचंय काय, असं रेनोला वाटलं आणि त्याचे डोळे भरून आले. डुएनला नकार आयलीनंच कळवला.

रविवारी चर्चच्या आवारात चकाचक गाड्यांची रांग लागली होती. रेनोची सगळ्यांत शेवटी आली, मागच्या पेटीवर दोरीनं आवळलेलं स्टूल घेऊन. लोक हसले. रेनोनं उतरून दोरी सोडली, स्टूल जमिनीवर मांडलं आणि आयली त्यावर पाय ठेवून राणीसारखी खाली आली. पाण्यात बुडवलेली फांदी घेऊन पाद्रीबाई तिथवर पोचल्या आणि थबकल्या. स्टुलावरही शिंपडू का, असं त्यांनी थट्टेनं विचारलं.

“आधी स्टुलावरच,” आयली म्हणाली. “गाडीला घंटी आहे.”