तुंगार्लीच्या डेकचा खचलेला खांब

मी एक जुना लाकडी डेक आहे, म्हणजे खांबांवर तोललेला उघडा ओटा. तुंगार्लीतल्या एका बंगल्यामागे, उताराच्या टोकावर मी उभा होतो.

मित्रांनो, मला बंगल्याचे मालक हनुमंतभाऊ यांनी स्वतःच्या हाताने बांधले. तळेगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले ते फिटर. दोन महिने त्यांनी कागदावर मापेच मांडली. पहिला खड्डा खणताना बागेत काम करणाऱ्या भागुबाई म्हणाल्या, "भाऊ, ही भरावाची माती हाय. मुरूम लागंस्तोवर खणा, न्हाईतर पावसात खांब खचंल."

भाऊंनी ऐकले. चार फूट खणून काँक्रीट भरले, खिळ्यांऐवजी बोल्ट घातले, कंबरेइतका कठडा लावला. दर दसऱ्याला ते माझ्याखाली सरपटत जाऊन एकेक बोल्ट आवळत.

मग त्यांचे गुडघे गेले. ते तळेगावला लेकीकडे राहू लागले. पुतण्या गौरव बंगला पाहुण्यांना भाड्याने देऊ लागला. मला वरून पॉलिश मिळाले, फोटोत कौतुकही झाले. खाली मात्र तीन पावसाळे कोणी डोकावले नाही. उताराकडचा माझा खांब आतून कुजत गेला. नाचणाऱ्या प्रत्येक पावलाबरोबर तो खचत होता आणि मला करकरण्यापलीकडे काही करता येत नव्हते. लोक त्या आवाजाला हसत.

एका शनिवारी वीस-बावीस पाहुणे आले. गाण्यांचा भला मोठा स्पीकर नेमका त्याच खांबावरच्या कोपऱ्यात ठेवला गेला. मी घाबरून गेलो. कोणाला सांगू? कसे सांगू?

खालचे गवत कापताना भागुबाईंनी खांबाला कोयत्याचे टोक लावले. ते लोण्यात शिरावे तसे आत गेले.

"गौरव, कुणाला वर जाऊ देऊ नगं. खांब गेलाय."

"मावशी, सोमवारी सुतार आणतो."

"सोमवारपत्तुर कोण दम धरंल?"

गौरवने लक्ष दिले नाही. तेव्हा भागुबाई माझ्या पायरीवर आडव्या बसल्या.

"उठा, नाहीतर उद्यापासून कामाला येऊ नका."

"न्हाई येत. पर आज उठणार न्हाई."

पाहुणे वैतागले. कडेवर लेकरू असलेली एक बाई त्यांना ओलांडून जायला निघाली. भागुबाईंनी तिचा हात धरला. मी जिवाच्या आकांताने तोल सावरत होतो, पण त्याच क्षणी खांब मोडला. स्पीकर, कठडा आणि माझा अर्धा देह खालच्या कारवीच्या झुडपांत कोसळला.

ती बाई लेकराला छातीशी धरून गवतावर बसली. भागुबाई कोयता उचलून घरी गेल्या. गौरवने त्यांना हाक मारली नाही.

चार दिवसांनी हनुमंतभाऊ काठी टेकत आले. उरलेल्या फळ्यांवरून हात फिरवत म्हणाले, "दर दसऱ्याला बोल्ट आवळले का, एवढे गौरवला नुसते विचारले असते, तरी पुरे होते. मी तेही केले नाही." मग ते भागुबाईंचे घर विचारत वाडीकडे निघाले.

आज मला फळी-फळीने उकलत आहेत. मित्रांनो, तुमच्या घरी असा डेक किंवा गॅलरी असेल, तर पावसाळा सरल्यावर एकदा तिच्याखाली वाका. करकर ऐकू आली तर हसू नका. आम्हाला दुसरी भाषा येत नाही.