मोठ्या भावाची टेस्ट ड्राइव्ह

जालना रोडवरच्या त्या शोरूममध्ये बद्रीनाथ मनाळचं नाव झालं होतं ते दुसऱ्यांच्या गाड्यांतली खोट काढण्यात. गिऱ्हाईक आत आलं की बाकीचे सेल्समन आपल्या 'व्हेलो'चं कौतुक सुरू करत. बद्रीनाथ आधी पाण्याचा ग्लास पुढं करायचा आणि विचारायचा, "साहेब, आणखी कुठल्या पाहिल्या?"

त्या वेळी छोट्या सेडानमध्ये तिघींचीच चढाओढ होती. व्हेलो, ऑर्बिट आणि सीरा. गिऱ्हाइकानं ऑर्बिटचं नाव काढलं की हा म्हणायचा, "गाडी दणकट, वादच नाही. पण मागच्या सीटला एसी पोचत नाही. आपल्या उन्हात मागं कोण बसणार? घरची म्हातारी माणसंच ना?" सीराचं नाव निघालं की म्हणायचा, "डिकी मोठी. फक्त मागं बसणाऱ्याचं डोकं छताला लागतं." खोटं तो बोलत नसे. सोयीचं तेवढं खरं बोलायचा.

२०१९ चा एप्रिल होता. आदल्या वर्षी पावसानं दगा दिलेला. शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि शोरूममध्ये गाड्या धुणं बंद. डेमोची व्हेलो रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसून उभी करायची, असा मॅनेजरचा हुकूम होता. तरी गाड्या खपत होत्या. बायपासला इमारती उठत होत्या, आणि महामार्गात ज्यांच्या जमिनी गेल्या होत्या ती खेड्यातली माणसंही शोरूमची काचेची दारं ढकलायला लागली होती.

अशाच एका शनिवारी अकराच्या सुमाराला ते दार ढकलून सर्जेराव आत आला. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, पायात धुळीनं भरलेली चप्पल. सर्जेराव म्हणजे बद्रीनाथचा सख्खा मोठा भाऊ. सहा वर्षांत दोघांचं एकमेकांशी अवाक्षर नव्हतं.

भांडण पाण्यावरून झालं होतं. गंगापूरकडं त्यांची वडिलोपार्जित जमीन, दोघांच्या वाट्याची मोसंबीची बाग शेजारीशेजारी आणि विहीर सामाईक. दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात विहिरीला तासाभराचं पाणी उरलं. तीन दिवस एकाचं, तीन दिवस दुसऱ्याचं, अशी पाळी ठरली. त्यात बद्रीनाथच्या बायकोचं, तनुजाचं बाळंतपण अडलं आणि त्याला पैठणला सासुरवाडीला आठ दिवस अडकून पडावं लागलं. जाताना तो भावाला सांगून गेला, "दादा, माझ्या पाळीचं पाणी तेवढं माझ्या झाडांना सोड."

परत आला तेव्हा पानं वळून गेली होती. सर्जेराव म्हणाला, "लाईटच नव्हती रे." पण शेजारचा पुंजाराम म्हणाला, "मोटर तर रोज ऐकू येत व्हती, बाबा." सर्जेरावची झाडं हिरवीगार होती. आणखी कुणाला काही विचारायची गरजच नव्हती. बद्रीनाथची आठ वर्षांची दोनशे झाडं जळणात गेली. आपला वाटा त्यानं भावालाच विकला, बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन शहर गाठलं, आधी लोकांच्या गाड्या चालवल्या आणि मग इथं चिकटला. मायला भेटायला जायचा, तो भाऊ शेतात असेल अशी वेळ साधून.

आता तोच भाऊ समोर उभा होता. रिसेप्शनवरची हिमानी म्हणाली, "बद्रीनाथ सर, हे तुमचंच नाव घेऊन आलेत."

बद्रीनाथनं टाय सारखा केला. "या सर. बसा."

'सर' ऐकून सर्जेराव जरा थबकला. मग खुर्चीच्या कडेवर बसला. "गाडी पाहावं म्हणलं."

"जरूर. टेस्ट ड्राइव्हचा फॉर्म भरावा लागेल. नाव?"

सर्जेराव त्याच्याकडं पाहत राहिला. "सर्जेराव अप्पाराव मनाळ," तो सावकाश म्हणाला.

"मोबाईल नंबर?"

तो नंबर बद्रीनाथला झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता. तरी त्यानं एकेक आकडा विचारून लिहून घेतला.

लायसन्स पाहून झाल्यावर दोघं निघाले. सर्जेराव चालवायला, बद्रीनाथ शेजारी. विमानतळ मागं पडला, केंब्रिज चौकातून गाडी सावंगी बायपासला लागली. इथवर बोलला तो एकटा बद्रीनाथच. क्लच किती हलका, रस्त्यापासून उंची किती, ऑर्बिटला मायलेज किती कमी. पाठ केलेलं सगळं तोंडातून आपोआप निघत होतं, आणि निघत होतं याचं त्याला बरं वाटत होतं.

रस्त्याच्या कडेला टँकरची रांग लागली होती. तिकडं पाहत सर्जेराव म्हणाला, "आपली हीर चालली, बद्री. समृद्धी हायवेत. पुढल्या महिन्यात बुजवायला येनार हायेत."

त्यांच्या वडिलांनी, अप्पारावांनी ती विहीर स्वतः खडक फोडून खोदली होती. पण बद्रीनाथ म्हणाला, "इथं चौथा गिअर टाका सर. पिकअप कळेल."

सर्जेरावनं गिअर टाकला. मग त्यानं विचारलं, "मायचे गुडघे गेलेत. तिला चढता-उतरता यायला कोणती बरी? ही, का ती ऑर्बिट?"

प्रश्न सरळ होता आणि उत्तर बद्रीनाथला ठाऊक होतं. ऑर्बिटची सीट उंच, दार चांगलं रुंद उघडायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिच्यासारखी गाडी नव्हती. व्हेलोत मात्र खाली खड्ड्यात बसल्यासारखं बसावं लागे. दुसरं कुणी असतं तर त्यानं हा विषय हळूच एसीकडं वळवला असता. भावाला तो तोंडावर म्हणाला, "ऑर्बिटमध्ये म्हाताऱ्या माणसाला चढताच येत नाही. व्हेलोच घ्या."

"आसं का?" सर्जेराव म्हणाला. एवढंच.

हर्सूल जवळ आलं तशी त्यानं गाडी हळू केली. तलावाच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांतून शेळ्या फिरत होत्या. सर्जेरावनं गाडी कडेला घेतली, पण इंजिन बंद केलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो समोर बघत बोलायला लागला.

"बद्री, त्या साली... तू पैठणला व्हतास तवा. तुझ्या पाळीचं पानी..."

बद्रीनाथला कळलं. सहा वर्षं हेच ऐकायचं होतं त्याला. रात्री तनुजाला तो कितीदा म्हणाला होता, त्यानं एकदा कबूल करावं, मला दुसरं काही नको. आणि आता ते शब्द भावाच्या ओठावर आले तशी त्याला भीती वाटली. हे ऐकलं की 'जाऊ दे दादा' म्हणावं लागेल. मग सहा वर्षं उराशी धरलेल्या रागाचं काय करायचं? शिवाय आत कुठंतरी सुखही वाटत होतं. हा माणूस आज माझ्यापुढं अडखळतोय. अडखळू दे अजून.

"सर," तो म्हणाला, "एसी बघा. थांबलेल्या गाडीतसुद्धा मागपर्यंत कसा लागतो. हात मागं नेऊन बघा."

सर्जेरावचं तोंड उघडं राहिलं. मग त्यानं खरंच हात मागं नेला. म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाचा तो हात दोन सीटांच्या मधून मागं गेला, हवेत थोडा थांबला आणि परत आला.

"लागतो," तो म्हणाला.

शोरूमच्या दारात किल्ली देताना सर्जेराव म्हणाला, "ये कधी गावाकडं. हीर हाय तवर." बद्रीनाथनं व्हिजिटिंग कार्ड पुढं केलं. सर्जेरावनं ते दोन्ही हातांनी घेतलं, खिशात घातलं आणि भर उन्हात तो रिक्षा शोधत निघून गेला.

त्या दिवशी घरी जाऊन बद्रीनाथनं ही हकिगत तनुजाला रंगवून सांगितली. ती हसली नाही. "तुमचे दादा एवढ्या लांब गाडी पाहायला आले व्हते व्हय?" एवढंच म्हणून ती भाकरी थापायला गेली.

अक्षय्य तृतीया झाली, मे सरत आला. ऑर्बिटच्या शोरूममध्ये विश्वजित म्हणून एक सेल्समन होता. धंद्यात वैरी, पण चहाला दोघं एकाच टपरीवर. एका दुपारी तो म्हणाला, "बद्रीभाई, तुमच्या आडनावाचं एक गिऱ्हाईक आम्ही मारलं की. गंगापूरकडचे मनाळ. तृतीयेला डिलिव्हरी दिली."

बद्रीनाथ हसायला गेला. "माझा भाऊ आहे तो. माझ्याकडं टेस्ट ड्राइव्ह घेऊन गेला आणि तुझ्याकडं बुक केली होय?"

"छे, बुकिंग तर पाडव्याचं आहे. म्हातारीला घेऊन आलते. चार वेळा तिला आत बसवून पाहिलं, उतरवून पाहिलं, मगच ॲडव्हान्स दिला."

पाडवा एप्रिलच्या सहा तारखेला होता. सर्जेराव शोरूमला आला तो सत्तावीसला. बद्रीनाथनं मनातल्या मनात तारखा दोनदा जुळवून पाहिल्या. गाडी ठरली होती. मायला चढता येतं हे सर्जेरावनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी तो आला, नाव सांगितलं, नंबर सांगितला, भावाचं खोटं ऐकून 'आसं का' म्हणाला. शेजारी बसून अर्धा तास मिळावा म्हणून आला होता तो, आणि त्या अर्ध्या तासात आपण त्याला एसी दाखवला.

"काय झालं?" विश्वजितनं विचारलं. "चहा निवला की."

मंगळवारी सुट्टी होती. पहिल्याच एसटीनं बद्रीनाथ गंगापूरला उतरला आणि तिथून जीपनं गावाला. घरी सरूबाई, त्याची माय, ओसरीत बाजेवर बसली होती. त्याला पाहून तिचा चेहरा उजळला.

"आलास? मला वाटलंच येशील. सर्ज्या म्हनला, समदं बोलनं झालं. म्या म्हनलं, देवा, डोळे मिटायच्या आत झालं गं बाई. म्याच धाडलं व्हतं त्याला. म्हनलं, चूक तुझी हाय, तूच जा. आठ दिस त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता." तिनं त्याचा हात धरला. "झालं नव्हं बोलनं?"

बद्रीनाथ तिच्याकडं पाहू शकला नाही. "झालं, माय."

"काय म्हनला?"

"सगळं म्हणाला. मी म्हणलं, जाऊ दे दादा."

"माझी लेकरं गुनाची," सरूबाई म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

सर्जेराव शेतात होता. जिथं विहीर होती तिथं मुरुमाचा लांबच लांब भराव पडला होता आणि त्यावरून रोलर फिरत होता. नेमकी कुठली जागा, तेही बद्रीनाथला ओळखू येईना. भाऊ भरावाच्या कडेला कडुलिंबाखाली बसला होता. बद्रीनाथ जाऊन शेजारी बसला.

"कधी बुजवली?"

"झाले की धा दिस. दोन तासांत काम झालं."

रोलर एकदा गेला, एकदा आला. बद्रीनाथनं सगळा धीर गोळा केला.

"दादा, त्या दिवशी हर्सूलला तू काय म्हणत व्हतास? म्या ऐकून घेतलं नाय."

सर्जेरावनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्याचा चेहरा शांत होता, राग कुठंच नव्हता. राग असता तर बद्रीनाथला सोपं गेलं असतं.

"काय नाय रे," तो म्हणाला. "गाडीचंच इचारत व्हतो."

"नाय दादा. पाण्याचं म्हणत व्हतास."

"आसंल. आता ध्येनात नाय." त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "चल. माय वाट पाहत आसंल. जेवून घे."

बद्रीनाथ तसाच बसून राहिला. आपण आत्ता पाय धरावेत असं त्याला वाटलं, पण भाऊ उठून चालायलाही लागला होता, आणि समोर रोलरवरचा माणूस त्यांच्याकडं पाहत होता.

जेवण झालं. संध्याकाळी सर्जेराव त्याला गंगापूरच्या स्टँडवर सोडायला निघाला. मायही हट्टानं बरोबर आली. ऑर्बिटचं दार रुंद उघडलं, तिनं पाठ टेकवली, पाय आत घेतले, कुणाचाही हात न धरता. सर्जेरावनं बद्रीनाथकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर आपण काय केलं असतं, हा प्रश्न बद्रीनाथला पुढं कितीतरी दिवस पडत राहिला.

येणं-जाणं तेव्हापासून सुरू झालं ते आजही आहे. दिवाळीला तो, तनुजा आणि मुलगी गावाला जातात. टायर बदलायचे असले, विम्याची तारीख आली की सर्जेराव न चुकता फोन करतो, कारण गाडीतलं भावाला कळतं. माय सगळ्यांना सांगते, माझ्या लेकरांचं समदं बोलनं झालं. बद्रीनाथनं त्यानंतर दोनदा विषय काढून पाहिला. एकदा सर्जेराव म्हणाला, ऊन फार आहे, आत चल. दुसऱ्यांदा त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आता बद्रीनाथ काढत नाही.

शोरूममध्ये तो अजून आहे. समोरच्या गाड्यांमधली खोट त्याला अजून इतरांच्या आधी दिसते. मात्र टेस्ट ड्राइव्हला गिऱ्हाईक गाडी कडेला घेऊन मध्येच दुसरं काही बोलायला लागलं, घरचं, शेतातलं, कुणाच्या आजारपणाचं, तर तो गाडीबद्दल एक शब्द बोलत नाही. मॅनेजरनं त्याबद्दल त्याला दोनदा टोकलं आहे.